डोंगरआत्याची उडी

आमची आत्या पाण्यात पायऱ्यांनी उतरत नसे. बाकीच्या बायका बारवेच्या पायरीवर बसून तांब्याने अंगावर पाणी घेत. आत्या पदर कमरेला खोचायची, दोन पावलं मागे सरायची आणि वरच्या कठड्यावरून उडी टाकायची. पाणी उसळून धुणं धुणाऱ्यांच्या अंगावर यायचं. त्या शिव्या द्यायच्या आणि आत्या पाण्यातूनच हसायची. चाळिशीला आलेली विधवा बाई भर दिवसा अशी उडी मारते हे पाहून परगावचे पाहुणे कठड्यापाशी थबकायचे. गावाने तिला डोंगरआत्या नाव ठेवलं होतं, कारण पाण्यात नसेल तेव्हा ती डोंगरात असायची.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. आमचं गाव जिंतूर तालुक्यात, चारठाण्याहून चालत जाता येईल एवढ्यावर. आम्ही लिंगायत वाणी, घरी किराण्याचं दुकान. आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा पटकीने गेला आणि ती माहेरी आली ती कायमची. वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. गावात कुणाचं ऐकून घेत नसत, पण आत्यापुढे गप्प बसत. तिने त्यांना कडेवर घेऊन वाढवलं होतं.

त्या काळी बाईने घराबाहेर पडायचं तर कारण लागायचं. पाणी, शेत, देव, बाळंतपण, मयत. आत्याला कुणी विचारलं, कुठं निघालीस, तर ती म्हणायची, "बघायला." काय बघायला, तर ते ठरलेलं नसे. माझी आई काकुळतीला यायची.

"वन्सं, देवाला जायलेय म्हणा की. देव काय न्हाई म्हणतोय का?"

"देवाला कशाला मधी घेऊ?" आत्या म्हणायची. "त्येचं काय काम न्हाई त्यात."

एकदा तहसीलदाराचा दौरा आला आणि आमराईत त्याचा डेरा पडला. लोक लांब उभे राहून सलाम करत होते. आत्या सरळ गेली आणि दोर, खुंट्या, कापडाची शिवण बघून आली. शिपायाने हटकलं, तर तिने त्यालाच विचारलं, साहेबाला घर न्हाई का? आहे, शिपाई म्हणाला. घर असून माणूस कापडात झोपतो म्हणजे त्यात मजा असणार, एवढं तिला पुरलं. पुढच्या आठवड्यात दुकानातलं धान्य वाळवायचं मोठं जाड कापडी तळवट नाहीसं झालं. आत्याने त्याची राहुटी शिवली होती. आप्पांनी ती पाहिली आणि दुकानासाठी नवं तळवट आणलं.

त्या राहुटीत मी झोपले आहे. मी आणि शेजारची नागू. आत्या आमच्या आयांना विचारत नसे, घेऊन जात असे. परत आल्यावर मार मी आणि नागू खायचो, बोलणी ती खायची. फडक्यात भाकरी आणि ठेचा, खांद्यावर राहुटी, हातात काठी. चारठाण्याच्या पडक्या देवळांपाशी आम्ही मुक्काम केला आहे. तिथे दगडात कोरलेल्या बाया आहेत. कुणी आरशात बघते आहे, कुणी नुसतीच वाकडी उभी आहे. आत्या त्यांच्या पायांवरून हात फिरवायची.

"बगा गं," ती म्हणाली, "एकीच्या बी डोक्यावर घागर न्हाई."

आम्ही सगळ्या भिंती फिरून पाहिल्या. खरंच नव्हती.

उन्हाळ्यात ती आम्हाला पूर्णेच्या डोहावर नेई. तो डोह आता येलदरीच्या धरणाखाली गेला. कमरेला सुका भोपळा बांधून तिने आम्हाला पोहायला शिकवलं. एका सकाळी आम्ही दोघी काठाजवळ कमरेएवढ्या पाण्यात उभ्या होतो. आत्या वरच्या खडकावर चढली, हात पसरले आणि उडी मारली. वर आली ती हसत. मग तिचा हात गळ्याशी गेला आणि हसू थांबलं. गळ्यातला दोरा तुटला होता. लिंग गेलं होतं.

आमच्यात जन्मल्यावर गळ्यात लिंग बांधतात. ते जन्मभर अंगावरून उतरत नाही. मेल्यावर माणसाला बसवून पुरतात, तेव्हा ते डाव्या तळहातावर ठेवतात. हरवलं, तर सापडेपर्यंत किंवा गुरू नवं देईपर्यंत तोंडात अन्नपाणी घ्यायचं नाही. हे लहान पोरांनाही ठाऊक असतं. नागू तिथेच रडायला लागली.

आत्याने ऊन डोक्यावर येईपर्यंत बुड्या मारल्या. मूठभर वाळू वर आणायची, बघायची, पुन्हा खाली जायची. शेवटी डोळे लाल झाले आणि ओठ निळे पडले. अख्खी सकाळ पाण्यात होती, पण तिने त्यातला एक घोट घेतला नाही. घरी येऊन तिने आप्पांना लहानपणीच्या नावाने हाक मारली, "बसू, माझं लिंग गेलं," आणि ओसरीवर बसली.

आप्पांनी गाडी जुंपून चारठाण्याला आमच्या गुरूंकडे, जंगम महाराजांकडे माणूस धाडला. महाराज दुसऱ्या दिवशी दुपारी आले. तोवर आत्याचे ओठ फुटले होते. महाराज म्हातारे, आवाज बारीक, पण त्यांच्या शब्दापुढे गावात कुणाचा शब्द नव्हता. ते येण्याआधी आईने मला चुलीपाशी ओढून सांगितलं, तू बुडत होतीस म्हणायचं. कुणाचा जीव वाचवताना लिंग गेलं तर दोष नाही, महाराज नवं देतील. नाहीतर तुझी आत्या तहानेनं मरंल.

ओसरी माणसांनी भरली होती. महाराजांनी विचारलं, कसं गेलं? आत्या बोलायच्या आत मी पुढे झाले. मी बुडत होते, आत्याने मला काढलं, असं एका दमात सांगितलं. महाराजांचा चेहरा सैल झाला. आप्पांनी श्वास सोडलेला मला ऐकू आला.

"खोटं बोलायलीय पोरगी," आत्या म्हणाली. "कमरेइतक्या पाण्यात हुबी होती. कुणी बुडत न्हवतं, महाराज. मजा वाटती म्हून उडी मारली."

नागूच्या आईने पदर तोंडात घातला. मला काहीच कळेना. बाई मरायला टेकली आहे, सुटायला एक मान हलवणं पुरे आहे, आणि ती हे बोलते आहे.

"मजा?" महाराज म्हणाले.

"हां. पाणी लय गार होतं."

"पस्तावा झाला का, बाई?"

आत्याने विचार केला. नुसतं हो म्हणायचं सोडून ती विचार करत बसली, याची मला भीती वाटली.

"लिंग गेलं त्येचं लय वाईट वाटतंय," ती म्हणाली. "सारखा हात गळ्याकडं जायलाय. उडीचा पस्तावा न्हाई."

महाराज उठले. असं असताना नवं लिंग देता येत नाही, म्हणाले. पस्तावा झाला की निरोप धाड. ते पायरी उतरत होते, तेवढ्यात आत्याने मला हाक मारली.

"शिवे, पाणी आण."

आईने मान हलवून नको म्हटलं. मी आणलं. सगळ्या गावासमोर आत्याने तांब्या तोंडाला लावला आणि रिकामा करूनच खाली ठेवला.

तिला घराबाहेर काढा असं भाऊबंद म्हणाले. आप्पांनी ऐकलं नाही. पण तिची चूल ओसरीच्या टोकाला गेली. घागर वेगळी, ताट वेगळं. तिच्या हातचं पाणी कुणी घेईना. नागूला आमच्या दारात यायची बंदी झाली. आत्या कुणावर चिडली नाही आणि रडलीही नाही. आठ दिवसांनी तिने पुन्हा बारवेत उडी मारली, तेव्हा धुणं धुणाऱ्या बायकांनी शिव्यासुद्धा दिल्या नाहीत. कपडे उचलले आणि निघून गेल्या.

महाराज दर उन्हाळ्यात गावात येत. आमच्या पायरीपाशी थांबून विचारत, "झाला का?"

"न्हाई अजून," आत्या म्हणे. महाराज मान हलवत आणि पुढच्या घराकडे जात.

मग गडबडीचं वर्ष आलं. निजामाचं राज्य संपायला आलं होतं, गावं लुटली जात असल्याच्या बातम्या येत होत्या. आमचं गावही एका पहाटे डोंगरात पळालं. मी तेव्हा लग्न होऊनही माहेरीच होते. कुणाला वाट ठाऊक नव्हती, आत्याला होती. तिने राहुटी म्हाताऱ्यांना दिली आणि कपारीतला झरा दाखवला. तिथे एकाच माणसाला वाकता येई इतकीच जागा. आत्या आत वाकून ओंजळी भरून देत होती आणि बाहेर सगळे ओळीने पीत होते. नागूची आई पहिली प्यायली.

गावात परतलो त्याच आठवड्यात आत्या बारवेवर गेली, तर नागूच्या आईने आपली घागर उचलून बाजूला ठेवली. मी तिथे होते. आयुष्यात मला पुष्कळ गोष्टींचा धक्का बसला, याच्याएवढा कशाचाच नाही. आत्याला बसला नाही. ती म्हणाली, "तहान भागली तिची."

डोंगरातून तिने हिवताप आणला होता. त्यातच ती गेली. शेवटच्या सकाळी मला विचारत होती, डोहाला पाणी हाय का गं अजून?

तिला अंघोळ घालून ओसरीवर भिंतीला टेकवून बसवलं. डावा तळहात मांडीवर उघडा, रिकामा. रिकाम्या हाताने पुरता येणार नाही, असं भाऊबंद म्हणाले आणि अंगणात बसून राहिले. महाराजांना गाडीत घालून आणलं. त्यांना आता दिसतही कमी होतं. त्यांनी आप्पांना विचारलं, "शेवटी तरी झाला का पस्तावा?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. लहानपणी आईने चुलीपाशी जे सांगितलं होतं, तेच त्यांच्या डोळ्यांत होतं. एका शब्दाचं काम होतं.

"न्हाई झाला, महाराज," मी म्हणाले.

महाराज खाली बसले आणि त्यांनी झोळीत हात घातला. आतून एक पुरचुंडी काढली. वागवून वागवून तिचं फडकं काळं आणि तेलकट झालं होतं. ती सोडून त्यांनी आतलं लिंग आत्याच्या तळहातावर ठेवलं आणि तिची बोटं मिटली.

"पहिल्या उन्हाळ्यापासून आणतो आहे," ते म्हणाले. "दर वर्षी परत नेत होतो."

मग त्यांनी पाणी मागितलं. आई आत निघाली. मी ओसरीच्या टोकाला गेले, आत्याच्या घागरीतून तांब्या भरला आणि त्यांच्या हातात दिला. कुठली घागर, तेवढं त्यांना दिसलं होतं. ते प्यायले.