व्याह्याला दिलेला डाव

आमच्या बुद्धिबळ क्लबात हरलेल्या माणसाला पुढच्या रविवारी भिंतीसमोर उभं करतात. भिंतीवर लोखंडी पट आहे, त्याला चुंबकाच्या सोंगट्या चिकटतात. दुसऱ्या गावाशी झालेल्या सामन्यात जो हरला असेल त्याने आपला डाव पहिल्या चालीपासून तिथे लावून दाखवायचा. बाकीचे चहा पीत बसतात आणि अक्कल नेमकी कुठे गहाण टाकली ते त्याला सांगतात. ह्याला आम्ही पंचनामा म्हणतो. नव्या माणसाला आम्ही सांगतो की ह्यातून शिकायला मिळतं. मिळतही असेल. पण शिकायला कोणी येत नाही, सगळे मजा बघायला येतात, आणि सगळ्यात जास्त मजा मला येते.

मी नगरात औषधांचं दुकान चालवतो. आठवडाभर लोकांच्या खोकल्याशी गोड बोलावं लागतं, त्याचं उट्टं मी रविवारी काढतो. माझ्या जिभेला हाड नाही असं बायको म्हणते. क्लबाने मला संघाचा कप्तान केलं ते खेळ बघून नव्हे, ह्या जिभेला सगळे टरकतात म्हणून.

आमच्या संघात तिसऱ्या पटावर एक गृहस्थ खेळायचे. जमीन मोजणीच्या सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, म्हणून आम्ही त्यांना मोजणीवाले म्हणायचो. बांधावर भांडणाऱ्या भावाभावांत उभं राहून त्यांनी उभा जन्म काढला होता, त्यामुळे आवाज म्हणून चढायचा नाही. चाल करण्याआधी चष्मा काढायचे, पुसायचे, घालायचे, मग हात उचलायचे. उचललेला हात चुकीच्या घरात पडलाय, असं मी वर्षानुवर्षांत क्वचित पाहिलं.

गेल्या वर्षी राहुरीला आमचा सामना होता. दोन्हीकडून चार-चार खेळाडू. भाड्याच्या गाडीतून निघालो, विळद मागे पडलं आणि मोजणीवाले आपणहून बोलायला लागले. एरवी ते खिडकीबाहेर बघत बसायचे. म्हणाले, "आज माझ्यासमोर आमचे व्याही आहेत."

त्यांची एकुलती एक मुलगी राहुरीजवळ दिलेली. सासरे मोठे ऊसवाले, गावात शब्दाला वजन, घरात तर दुसऱ्या कुणाला शब्दच नाही. मुलीचा नगरला बी.एड.ला नंबर लागला होता. प्रवेश घ्यायची मुदत महिनाअखेरपर्यंत. दोन वर्षं आठवडाभर माहेरी राहायचं आणि शनिवारी सासरी जायचं, असं तिच्या मनात होतं. जावयाची ना नव्हती, पण बापापुढे तो तोंड उघडत नव्हता. सासरे दीड महिना "बघू" म्हणत होते.

"त्यांचा स्वभाव मानी आहे," मोजणीवाले म्हणाले. "सुनेसमोर, गावासमोर मी त्यांना हरवायचं, आणि मग जेवताना मुलीचं विचारायचं. कसं जमायचं?"

मी म्हणालो, "मग हरा की! मुलीच्या बापाने वाकायचंच असतं." गाडीत हशा पिकला. तेही हसले.

डावात मी त्यांच्या शेजारच्याच पटावर होतो. माझा डाव लवकर बरोबरीत सुटला आणि मी त्यांचा बघत बसलो. व्याह्यांचा राजा कोपऱ्यात, आपल्याच तीन प्याद्यांमागे कोंडलेला. समोरची उभी पट्टी मोकळी. हत्ती सरळ शेवटच्या ओळीत न्यायचा की मात. शाळेतल्या पोराला दिसेल अशी मात. मोजणीवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, हात हत्तीकडे नेला. मग तोच हात बाजूला वळवून त्यांनी कडेचं एक प्यादं पुढे ढकललं. व्याह्यांना आपण कशातून वाचलो हे कळलंही नाही. दहा-बारा चालींनी मोजणीवाल्यांनी डाव सोडला आणि त्या एका डावावर आम्ही सामना अडीच-दीड असा हरलो.

जेवायला व्याह्यांच्या घरीच होतं. मांडे होते, आमटी होती आणि यजमानांची कळी खुलली होती. पानावर आग्रह करता करता ते स्वतःच म्हणाले, "शिकू द्या की पोरीला! आमी काय नको म्हनतोय व्हय? आठ दिसांत घिऊन जावा, पाव्हणं." दाराआड मुलगी वाढपाचं भांडं घेऊन उभी होती. तिच्या वडिलांनी मान खाली घालून आमटीचा भुरका मारला. मला ते दृश्य आवडायला हवं होतं. मला एवढंच दिसत होतं की माझा सामना ह्या माणसाने आमटीत कालवून खाल्ला.

पुढच्या रविवारी पंचनामा. मात सोडली त्या चालीपाशी डाव आला आणि मोजणीवाले म्हणाले, "इथे मी प्यादं पुढे घेतलं."

"का?"

"दिसलं नाही."

"जन्मभर लोकांचे बांध मोजलेत, वीतभर चूक झाली नाही. आणि हे दिसलं नाही?"

पोरंटोरं हसली. मी मोबाईलवर चित्रीकरण करत होतो. त्यांना हत्ती उचलून शेवटच्या ओळीत लावायला लावला, मात म्हणायला लावलं, पुन्हा जागेवर ठेवून प्यादं ढकलायला लावलं. दोनदा. ते निमूट करत होते. कानशिलं लाल झाली होती. कोणीतरी "जाऊ द्या आता" म्हणालं, तेव्हा मला आणखी चेव आला.

घरी जाऊन मी ती चित्रफीत चार क्लबांच्या मिळून असलेल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. नगर, भिंगार, श्रीगोंदा, राहुरी, सगळे त्यात. खाली लिहिलं, 'व्याह्यांना आहेर. मानपानात धरावा.' श्रीगोंद्याच्या एकाने हसून लोळणारे चेहरे पाठवले. माझी छाती फुगली. राहुरी काय म्हणेल हे मला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणीवाले दुकानात आले. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबले. म्हणाले, "ते काढून टाका."

"आता सगळ्यांनी बघितलंय."

"तुम्हाला मी गाडीत सगळं सांगितलं होतं."

"खेळात सोयरीक आणायची नसते," मी म्हणालो. वाक्य मला फार बाणेदार वाटलं होतं. ते वळून निघून गेले. संध्याकाळी मी चित्रफीत काढली, तीसुद्धा बायको बोलली म्हणून.

व्याह्यांकडून मोजणीवाल्यांच्या घरी एकच निरोप आला. परतीच्या सामन्यापर्यंत पोरगी कुठे जाणार नाही.

परतीचा सामना नगरला, मुदत संपायला चार दिवस उरले असताना. व्याही पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आले, चहाला हात लावला नाही, तिसऱ्या पटावर जाऊन बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पाव्हणं, आमी भीक घेत न्हाई. आज खरं खेळायचं. मंग पोरीचं बोलू."

मोजणीवाल्यांचा चेहरा मी बघितला. पुन्हा हरले तर पुन्हा भीक. जिंकले तर भरल्या क्लबात व्याह्याचं नाक कापलं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही मीच खणलेली. बाकीचे तीन डाव संपले तेव्हा दीड-दीड झालं होतं. मी त्यांच्या कानाशी लागलो आणि म्हणालो, "काका, सामना तुमच्यावर आहे. सोडू नका." जन्मात पहिल्यांदा मी त्यांना काका म्हणालो, आणि तेही पॉइंटसाठी.

त्यांनी सोडलं नाही. इतका स्वच्छ खेळ मी आमच्या क्लबात पाहिलेला नाही. त्यांना वाटलं असणार की मागितलंय तसं खरं दिलं तर तो मानी माणूसही शब्द पाळील. एकेक प्यादं मोजून घेतलं, घाई नाही, दया नाही. शेवटी व्याह्यांनी राजा आडवा केला आणि उठून हात मिळवला.

"आता बरोबर झालं," ते म्हणाले. "हरल्याचं मला कायबी न्हाई."

"मग मुलीला..."

"पोरीचं घर राहुरीत हाय. ज्यो मानूस मला डाव दिऊन गप करू बघतो, त्येच्या घरी सून दोन वर्सं ठिवून काय शिकंल ती? असंच खोटं खेळायला?"

मोजणीवाल्यांनी चष्मा काढला आणि पुसला. आम्ही सामना जिंकला होता. मागून टाळ्या सुरू झाल्या होत्या आणि त्यात माझ्याही होत्या, कारण मला त्या थांबवता आल्या नाहीत. मुदत गुरुवारी संपली. मोजणीवाले त्यानंतर क्लबात आले नाहीत.

दिवाळीला मुलगी दोन दिवस माहेरी आली, तेव्हा वडिलांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या न्यायला माझ्या दुकानात आली. मी तिला ओळखलं. तिने चिठ्ठी पुढे केली, मी गोळ्या काढल्या, आणि ती शांतपणे म्हणाली, "काका, एक विचारू? तो व्हिडिओ टाकलात तेव्हा माझ्या बी.एड.चं तुम्हाला ठाऊक होतं का?"

मी पाकीट बंद करत होतो. "नाही गं," मी म्हणालो. "मला कसं ठाऊक असणार?"

"बाबाही तेच म्हणाले. म्हणाले, मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं, त्यांच्यावर राग धरू नकोस." तिने पाकीट घेतलं. "आणि खरंच आहे. ठाऊक असताना असं कोण करील?"

"छे," मी म्हणालो. "कोण करील."