भास्करचा फोटो आणि तीन ग्राफिक्स कार्डं

कुणी ग्रुपवर असा गूढ अनुभव लिहिला की खाली पहिली कमेंट माझी असायची — "आधी वायरिंग चेक करा." त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय. पण दोन वर्षं मनात ठेवलंय, आता सांगतो.

नाशिकला पेठ नाक्यापासून दोन मिनिटांवर माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम, झेरॉक्स, आणि गेलेल्या माणसांचे भिंतीवर लावायचे फोटो. बायको सुनीता काउंटर सांभाळते, कॉम्प्युटरचं काम माझं.

श्रावणातला सोमवार होता. दुपारी देवरामबाबा आले. पेठच्या पुढच्या एका पाड्यावरचे, भात-नागली करणारे. मोबाइल पुढे करून म्हणाले, "ह्यो भास्कर. माझा पोरगा. नदीच्या फरशी पुलावरून जाताना पाण्यानं ओढला. गाडी घावली, तो नाय घावला. आठ दिवस नदीकाठानं हिंडलो... आता शनवारी कार्य हाय. फोटो मोठा करून पायजे."

दिंडोरीला द्राक्षाच्या छाटणीला गेला होता, तेव्हाचा ग्रुप फोटो. त्यातून भास्करला कापायचं आणि मागे निळा रंग टाकायचा. अर्ध्या तासाचं काम. बाबांना स्टुलावर बसवलं.

चेहरा कापत कानापर्यंत आलो आणि स्क्रीनवर हिरव्या रेघा... मग काळोख. रीस्टार्ट केलं, चालू. एक अख्खा लग्नाचा अल्बम उघडून पाहिला, काही झालं नाही. भास्कर उघडला — पुन्हा रेघा. स्क्रीनवर चित्र दाखवणाऱ्या ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर काढून जुना टाकला. कार्ड उपसून, साफ करून परत बसवलं. तेच.

मंगळवारी बाबा पुन्हा जीपनं आले. सिडकोतला मित्र विजय, जो हार्डवेअरचं काम करतो, त्याला बोलावलं होतं. त्यानं पॉवर सप्लाय तपासला, टेम्परेचर पाहिलं, सगळं नॉर्मल. मग स्वतःजवळचं दुसरं कार्ड लावलं. कानापाशी पोचलो आणि तेही गेलं.

"फाइल खराब असेल," विजय म्हणाला. म्हणून बाबांच्या मोबाइलच्या स्क्रीनचाच कॅमेऱ्यानं फोटो काढला. म्हणजे फाइल पूर्ण नवी. तरी तेच!

बाबा स्टुलावरून बघत होते. म्हणाले, "नको म्हणतोय का काय तो?"

"तसं नाही बाबा, कार्ड गरम होतंय," मी म्हणालो.

"मंग दुसरीकडं जाऊ का?"

"नाही, शनिवारच्या आत मीच देतो."

ते गेल्यावर सुनीता म्हणाली, "अहो, बॉडी मिळालेली नाहीये ना? एकदा आजूबाजूच्या दवाखान्यांत विचारा म्हणावं. नदी पुढे गुजरातेत जाते, तिथंही."

मी वैतागलो होतो. म्हटलं, "बाप कसाबसा सावरलाय, त्याला खोटी आशा लावू नकोस." ती काउंटरकडे निघून गेली.

बुधवारी डब्यातलं कोरं कार्ड लावलं. ते भास्करच्या फोटोवर असं बंद पडलं की पुन्हा चालूच झालं नाही. आधीची दोन्ही विजयनं त्याच्या मशीनवर दिवसभर चालवून पाहिली. एकदम ठणठणीत.

गुरुवारी सकाळी बाबा पुन्हा दारात. दुसरं काही सुचेना म्हणून माझंच पहिलं कार्ड परत लावलं. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. फोटो उघडला... कान कापला, खांदे कापले, निळा रंग टाकला. एक रेघ नाही. पावणेबाराला प्रिंट हातात होती. बाबांनी फ्रेमच्या काचेवरून अंगठा फिरवला, टॉवेलात गुंडाळून घेतली आणि गेले. मी विजयला फोन करून चक्क आनंदानं सांगितलं, "झालं एकदाचं!"

महिन्याभरानं बाबा एका कागदाची झेरॉक्स काढायला आले. कागद सीमेपलीकडच्या सरकारी दवाखान्याचा.

भास्कर वाहत खूप खाली गेला होता. मासे धरणाऱ्यांनी त्याला बाहेर काढून तिथं भरती केलं होतं. शुद्ध नाही, खिशात कागद नाही, नाव कुणाला माहीत नाही. अधूनमधून बडबडायचा, त्यात एकदा पाड्याचं नाव आलं. तिथून विचारत विचारत निरोप पोलीसपाटलापर्यंत पोचला रविवारी... कार्याच्या दुसऱ्या दिवशी. तोवर भास्कर गेलेला होता.

कागद गुजरातीत होता, पण मृत्यूच्या तारीख-वेळेचे आकडे कळले. तोच गुरुवार. सकाळी अकरा वाजून पाच मिनिटं.

माझा हात मशीनवरच राहिला. बाबा म्हणाले, "मंगळवारी जित्ता व्हता तो, भाऊ. मी हितं स्टुलावर बसलेलो."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. सुनीता काय म्हणाली होती, मी तिला कसं गप्प केलं, सगळं.

बाबा कागदाची घडी घालत म्हणाले, "गावानं घाई केली, मीबी केली. तुमाला एकट्याला काय बोलू..." सुनीतानं चहा आणला, तो अर्धाच प्यायले आणि जीपकडे गेले. पुन्हा आले नाहीत.

विजय म्हणतो, योगायोग. कार्डांचं असं होतं कधी कधी. तसंच असावं, असं मलाही मनापासून वाटतं. कारण तो योगायोग नसेल, तर त्या तीन दिवसांत मला काहीतरी सांगितलं जात होतं आणि मी स्क्रू फिरवत बसलो होतो. खरं काय ते मला आजही माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा... पण ऐकायची माझी तयारी आहे की नाही, तेही नक्की सांगता येत नाही.