तानाजी हाय बीटवर

तानाजी कुणाच्याही घरी गेला की आधी तिथल्या वस्तू वाजवून बघायचा. चहा येईपर्यंत कपाटाचं दार, पाण्याचं पिंप, जिन्याचा कठडा, सगळ्यांना टिचक्या मारून व्हायच्या. एकदा त्याने आमच्या गॅस सिलिंडरवर थाप मारली आणि त्याला कान लावून डोळे मिटले. माझी बायको घाबरली. तिला वाटलं, गॅस गळतोय. "न्हाई ओ काकू, ह्याचा बेस लय भारी हाय," असं म्हणून त्याने मोबाइल काढला, घरातल्या सगळ्यांना गप्प बसवलं आणि सिलिंडरचा आवाज भरून घेतला. तेव्हापासून तो फाटकात दिसला की बायको सिलिंडरवर गोणपाट टाकू लागली.

हा वडिवळ्याचा तानाजी कामशेतच्या शाळेत माझा विद्यार्थी होता. मी मराठी शिकवायचो आणि तो बाकावर ठेका धरायचा, त्यामुळे त्याच्या वर्गाच्या सगळ्या कविता एकाच चालीत पाठ झाल्या. पुढे आयटीआयला जाऊन तो वायरमन झाला आणि लोणावळ्यात एका स्पीकरवाल्याकडे लागला. सहलीला आलेल्या लोकांच्या बंगल्यांवर स्पीकर लावायचे आणि पहाटे ते उचलून आणायचे, असं काम. तिथे दुसऱ्यांची गाणी ऐकून ऐकून त्याच्या डोक्यात शिरलं की हे आपणही करू शकतो. त्याने जुना कॉम्प्युटर आणला, त्यात कुठून तरी काहीतरी भरून घेतलं आणि गावात जाहीर केलं की आपण आता म्युझिक प्रोड्यूसर झालो.

गावाला हे पचायला वेळ लागला. त्याचे वडील बाळूभाऊ तर पारावर बसून सांगायचे, "प्रोड्यूसर म्हंजी उत्पादकच ना? मंग मी कवापासून हाय. डेरीच्या पाटीवर लिवलंय, दूद उत्पादक. माजं दूद निदान लोकं पित्यात तरी."

स्टुडिओ गोठ्याला लागून होता. पूर्वी तिथे भाताची पोती असायची. तानाजीने भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले, दाराला लोणावळ्यातल्या कुठल्याशा हॉटेलने टाकून दिलेली गादी ठोकली आणि बाहेर पाटी लावली : 'शांतता. रेकॉर्डिंग चालू आहे.' ही पाटी म्हशीला वाचता येत नव्हती. त्यामुळे त्या काळातल्या आमच्या पंचक्रोशीतल्या हळदीच्या गाण्यांमध्ये नवरीचं नाव आलं की मागून एक हंबरडा ऐकू येतो. एका नवरीच्या मामाने तक्रार केली तेव्हा तानाजी शांतपणे म्हणाला, "मामा, नॅचरल बेस हाय तो. मुंबईत ह्याच्यासाठी मशीन घ्याय लागती."

पण त्याची खरी ओळख म्हणजे त्याची आरोळी. प्रत्येक गाण्यात, ते कशाचंही असो, रंगात आलं की सगळी वाद्यं एकदम थांबायची. दोन मात्रांची शांतता. आणि त्या शांततेत एक घोगरा, भारदस्त आवाज यायचा : "तानाजी हाय बीटवर!" मग पुन्हा सगळं धडाधड सुरू. तो आवाज त्याचाच होता. त्याचा मूळचा आवाज बारीक, म्हणून रिकाम्या पिंपात डोकं घालून त्याने ती आरोळी भरली होती. वाढदिवसाच्या गाण्यात भाऊंना शुभेच्छा देता देता तानाजी, बारशाच्या पाळण्यात बाळाचं नाव ठेवण्याआधी तानाजी. लोक हसायचे, मीही हसायचो. वर्गात हजेरी घेताना ज्याने कधी धड "हजर" म्हटलं नाही, तो आता साऱ्या तालुक्यात हजेरी देत हिंडत होता.

एकदा भजनी मंडळाने त्याच्याकडून अभंग भरून घेतले. काकड आरतीला देवळाच्या कर्ण्यावर ते लागले. पखवाज टिपेला पोचला, टाळ थांबले आणि विठ्ठलाच्या जागी तानाजी प्रकट झाला. मंडळाचे म्हातारे म्होरके शंकरआबा काठी टेकत थेट स्टुडिओत गेले. मी मध्यस्थीला मागोमाग होतो.

"आरं, देवाचं नाव एकदा आन् तुजं चारदा? काढ ते!"

"आबा, देवाला समदी वळकत्यात," तानाजी म्हणाला. "मला कोन वळकतं?"

"मंग काय देवाच्या खांद्यावर बसून मिरवनार व्हय?"

"बाकी कायबी सांगा, करतो. नाव न्हाई काढनार."

आणि त्याने ते काढलं नाही. मंडळाने पुन्हा टाळ कुटत स्वतःच काकडा म्हणायला सुरुवात केली, ते एका परीने देवाच्या पथ्यावरच पडलं.

त्याला खरं यश मिळालं ते एका बैलामुळे. आमच्याकडे बैलगाडा शर्यती म्हणजे काय असतात ते बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. धावपट्टीला आम्ही घाट म्हणतो आणि घाटात पळणाऱ्या बैलाला घरच्या कर्त्या मुलापेक्षा जास्त मान असतो. हरिभाऊ नावाच्या गाडामालकाचा 'रायफल' नावाचा बैल तेव्हा जोरात होता. रायफल घाटात उतरताना वाजवायला हरिभाऊंना गाणं हवं होतं. तानाजी माझ्याकडे आला. "सर, चार वळी लिवून द्या. पर बैलाला समजतील अशा लिवा." मी आयुष्यभर व्याकरण शिकवलं त्याचा हा असा उपयोग झाला.

चाल मात्र, चेष्टा बाजूला ठेवून सांगतो, अप्रतिम होती. त्यात आमचा सिलिंडर होता, बैलाच्या गळ्यातल्या घुंगरमाळा होत्या आणि खाली एकसारखं खुरांसारखं काहीतरी धावत होतं. ऐकताना अंगावर काटा यायचा. मावळभर ते गाणं गाजलं. रायफल घाटात उतरला की पोरं नाचायची आणि ती दोन मात्रांची शांतता आली की सगळा घाट ओरडायचा, "तानाजी हाय बीटवर!" फक्त हा तानाजी कोण, हे कुणाला ठाऊक नव्हतं. बीट म्हणजे ठेका, हेही नव्हतं. परंदवडीच्या एका पाहुण्याने मला खात्रीने सांगितलं, "गुरुजी, तानाजी म्हंजी रायफलच्या जोडीचा दुसरा बैल. डावीकडचा." मी हे तानाजीला सांगितलं तेव्हा तो हसला नाही. दोन दिवस त्याने सिलिंडर, पिंप काही वाजवलं नाही.

त्याच हिवाळ्यात तुंगार्लीच्या एका बंगल्यावर मुंबईचे एक मोठे संगीतकार चाली सुचाव्यात म्हणून येऊन राहिले. त्यांच्या स्पीकरमधून खरखर येत होती म्हणून तानाजीला बोलावलं. त्याने वायर दुरुस्त केली आणि स्पीकर नीट चालतो का हे दाखवायला रायफलचं गाणं लावलं. संगीतकार सोफ्यावर उठून बसले. "क्या साउंड है, भाई!" असं ते म्हणाले, हे तानाजीने मला इतक्या वेळा सांगितलं की आता मीच तिथे होतो असं वाटतं. त्यांनी चाल मागितली. मग सहज म्हणाले, ते बीचमधलं चिल्लाना तेवढं हटाके दो.

देवासाठी ज्याने नाव काढलं नव्हतं, त्याने त्या रात्री ते काढलं. सकाळी पेनड्राइव्ह पोचता केला आणि वर घरच्या इंद्रायणी तांदळाची पिशवीही दिली. लिहून काही घेतलं नाही. मी चिडून विचारलं, "अरे, नाव काढलंस तर ती जागा तरी कशाला रिकामी ठेवलीस?"

"सर, तितं गान्याला श्वास घ्याय लागतो," तो म्हणाला. "त्ये नाव घालतील की माजं. पडद्यावर."

सिनेमा आला. गाणं जसंच्या तसं होतं, सिलिंडरसकट. शब्द हिंदी होते आणि पडद्यावर बऱ्याच जणांची नावं आली. जेवण पुरवणाऱ्याचंही आलं. तानाजीने दोनदा सिनेमा पाहिला, दुसऱ्यांदा फक्त शेवटची नावं वाचायला. संगीतकारांना फोन लावला तर तो कुणी उचलला नाही.

गावाने मात्र उत्सव केला. 'आमच्या रायफलचं गाणं सिनेमात!' असा फलक कामशेतच्या चौकात लागला. त्यावर रायफल, हरिभाऊ, हरिभाऊंचे दोन्ही जावई आणि शुभेच्छुक म्हणून पन्नासेक चेहरे होते. पेढे वाटले. रायफलला शाल घातली, ती त्याने खाल्ली. मलाही गीतकार म्हणून नारळ मिळाला, हिंदी गाण्यात माझा एकही शब्द नसताना. सत्काराचे स्पीकर लावायचं काम तानाजीकडे होतं. तो मांडवामागे वायरी धरून उभा होता आणि त्याच्याकडे बघून मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं ज्या आरोळीला आम्ही हसलो, ती त्याने सोडली म्हणून तो असा उभा होता.

महिनाभराने त्याने कॉम्प्युटर विकला आणि तळेगावच्या एका कारखान्यात लागला. बाळूभाऊंनी स्टुडिओत पुन्हा भात भरला. म्हशीने बहुधा सुटकेचा निःश्वास टाकला असेल. भेटला की तानाजी शिफ्टबद्दल बोलायचा, कँटीनबद्दल बोलायचा. आमच्या घरी आला तेव्हा सिलिंडर उघडाच होता. त्याने हातसुद्धा लावला नाही. बायको मला आत येऊन म्हणाली, "पोरगं आजारी आहे का हो?"

या चैत्रात जत्रेचा घाट भरला. तानाजी पहिली पाळी करून कंपनीच्या निळ्या शर्टातच आला आणि माझ्या शेजारी उभा राहिला. रायफल आता थकला होता, तरी मानाने उतरवला. लोणावळ्याहून आणलेल्या स्पीकरवाल्याने सिनेमातलं हिंदी गाणं लावलं. तानाजी जमिनीकडे बघत होता. गाणं रंगात आलं, घुंगरमाळा थांबल्या, ती रिकामी ठेवलेली दोन मात्रांची जागा आली. स्पीकर गप्प झाले.

आणि हजारो माणसं एकदम ओरडली, "तानाजी हाय बीटवर!"

शंकरआबासुद्धा ओरडले, मी पाहिलं. सवयच ती, त्या जागी दुसरं काही येतं हे आमच्या लोकांना माहीतच नव्हतं. मुंबईने पुसलेलं नाव घाटाने परत लिहिलं होतं आणि माझ्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मी तानाजीचा हात घट्ट धरला. म्हटलं, पोर आता रडणार.

तो कान टवकारून, कपाळाला आठ्या घालून उभा होता. दुसऱ्या हाताची बोटं उन्हासाठी धरलेल्या माझ्या छत्रीच्या दांड्यावर ठेका मोजत होती.

"सर," तो म्हणाला, "अर्धी मात्रा उशिरा आली. पब्लिकला रियाजाला बोलवाय लागंल."