पिवळ्या ठिपक्याचे वाटेकरी

कर्जतजवळच्या भिसेगावात युनूसशेठची बांबूची वखार होती, पण शेठचं चित्त वखारीत कधीच नव्हतं. कुठे कुस्त्या असोत, कबड्डी असो, सायकलींची शर्यत असो, गल्ला बायकोच्या हवाली करून हा गडी तिकडे हजर. वखार टिकली ती त्या शरीफाबाईमुळे, हे सगळ्या कर्जतला ठाऊक होतं. अशा माणसाच्या हाती हिरू लागला, यात नशीब कोणाचं जास्त थोर, ते सांगणं कठीण आहे.

हिरू कोंडाण्याच्या वरच्या वाडीतला ठाकर. वखारीत बांबू आणून टाकायचा, तांब्याभर पाणी प्यायचा आणि परत डोंगर चढायचा. बोलणं इतकं कमी की शरीफाबाईंना आधी तो मुकाच वाटला होता. एकदा शेठ बांबू बघायला वाडीवर गेला, तेव्हा हिरू कामठा, म्हणजे बांबूचं धनुष्य, घेऊन झाडाच्या शेंड्याचे आंबे पाडत होता. तीर आंब्याला नाही, देठाला लागत होता, कारण तीर बसलेला आंबा त्याच्या बायकोला, ठमीला चालत नसे. शेठ खालीच बसला. बांबू बघायचे राहिले ते राहिलेच.

पुढच्या वर्षी दिल्लीत आशियाई खेळ भरणार होते आणि त्यांत तिरंदाजी होती. तिथवर जायची वाट शेठने पुण्याच्या क्लबात जाऊन नीट समजून घेतली. आधी राज्याची चाचणी, तिच्यातून देशाचं सराव शिबिर, आणि शिबिराच्या शेवटी संघाची निवड. लांबच्या अंतरावरून सुरुवात करून जवळ जवळ येत मारायचं. लक्ष्य म्हणजे रंगीत कड्यांचा गोल कागद. मधल्या पिवळ्या ठिपक्याला सगळ्यात जास्त गुण, त्यातही अगदी आतल्या कड्याला एक जादा. सगळ्या बाणांची बेरीज ज्यांची मोठी, ते संघात. म्हणजे एकदा अचूक मारून भागत नाही, दिवसभर तसंच मारत राहावं लागतं.

क्लबाने परदेशी धनुष्य वापरायला दिलं. त्याला नेम धरायची काडी, पुढे वजनाची दांडी. हिरूने ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "ह्याला लई अवयव हायत." पण एक हिवाळा त्याने त्याच्याशी जमवून घेण्यात घालवला आणि शिमग्यापर्यंत त्याचे बाण पिवळ्यात असे जाऊन बसायला लागले की क्लबातली मंडळी आपला सराव सोडून बघत उभी राहत. शेठची छाती फुगली. तो आत्ताच दिल्लीला पोचल्यासारखा चालू लागला.

राज्याच्या चाचणीत मात्र भलतंच झालं. तिथे एका लक्ष्यावर तिघे, पाळीपाळीने मारणारे. हिरूची पाळी पहिली असली की त्याचे सगळे बाण पिवळ्यात. दुसऱ्या कोणाचा बाण आधी पिवळ्यात बसला असला की हिरूचे सगळे निळ्या कड्यात, तेही शिस्तीत एका जागी. ज्याला चुकवताही इतकं अचूक येतं त्याला काय म्हणावं, शेठला कळेना. कसाबसा, अगदी काठावर, हिरू शिबिरात निवडला गेला.

पुण्याहून परतताना घाटात शेठने विषय काढला. हिरू शांतपणे म्हणाला, "त्याचा तीर आधी बसला हुता. दुसऱ्याच्या शिकारीवर तीर टाकू काय मी?"

वाडीची रीत तशी होती. ज्याचा तीर पहिला लागला, जनावर त्याचं. त्यावर दुसऱ्याने तीर टाकणं म्हणजे चोरी. शिकार कधीच बंद पडली होती, रीत मात्र शाबूत होती. शेठने परोपरीने समजावलं की तो कागद आहे, त्याला ना रक्त ना मांस. हिरूने सगळं ऐकून घेतलं, शेठचं बरोबर आहे असंही सांगितलं, आणि आपल्याकडून तसं व्हायचं नाही असंही सांगितलं. असा माणूस भांडत तरी नाही, म्हणून जास्त राग येतो.

शेवटी शेठ वाडीवर जाऊन हिरूच्या देखतच ठमीपुढे रडला. ठमी नाचणीची भाकर थापत होती. तिने मान वर केली नाही. "मंग वाटेकरी कर की रं त्यांना," ती नवऱ्याला म्हणाली. "भाकर मोडून खाल्ली की शिकार सगळ्यांची."

हीही वाडीचीच रीत. शिकारीला निघताना एक भाकर मोडायची. ज्याने ज्याने खाल्ली तो वाटेकरी, मग कोणीही तीर टाकावा. मागाहून सगळ्यांना वाटा द्यायचा, आणि पहिला तीर ज्याचा, मोठा वाटा त्याचा. हिरूने खूप वेळ विचार केला आणि मान डोलावली. शेठने महिनाभर घसा कोरडा करून जे झालं नव्हतं, ते काम ठमीने चुलीपुढून न उठता केलं.

शिबिराच्या शेवटच्या चाचणीला शेठ वखार सोडून गेलाच. संघातल्या बाकीच्या जागा जवळजवळ ठरल्या होत्या. एक उरली होती, आणि तिच्यासाठी बरोबरीत होते हिरू आणि साताऱ्याकडचा लष्करातला हवालदार मालोजी. नेमके दोघे एकाच लक्ष्यावर. सकाळी हिरूने ठमीची वाळून कडक झालेली भाकर मोडली आणि लक्ष्यावरच्या दोघांना एकेक तुकडा दिला. तिसऱ्या गड्याने हसत खाल्ला. मालोजी रिकाम्या पोटी मारणारा. त्याने तो आदराने घेतला, हिरूची पाठ वळल्यावर भात्याच्या कप्प्यात ठेवला आणि मग विसरला.

दिवसभर हिरूने असं मारलं की शेठला टाळ्या वाजवायचंही सुचेना. आधी कोणाचा बाण बसला आहे याची फिकीर नाही, सगळे पिवळ्यात. मालोजीही तोलामोलाचा. शेवटचं अंतर, शेवटची फेरी, आणि मालोजी थोडासा पुढे. मालोजीने भात्यातला शेवटचा बाण उपसला तेव्हा कप्प्यातला तुकडा गवतावर पडला. त्याचे तिन्ही बाण पिवळ्यात बसले, पण जरा कडेकडेला, आणि तो मागे येऊन स्टुलावर बसला.

हिरूची पाळी. शिट्टी झाली, ठरलेली मिनिटं सुरू झाली. हिरूने धनुष्य उचललं, गवताकडे नजर गेली, आणि धनुष्य खाली आलं.

बघ्यांच्या दोरीमागे शेठ ताडकन उभा राहिला. तुकडा त्यानेही पाहिला होता. पण तिथून बोलायला मनाई होती आणि बोलून उपयोगही नव्हता, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? हिरू मागे वळला.

"मालोजीदादा," तो हळू म्हणाला, "तुमी भाकर खाल्ली नाय."

मालोजीने लक्ष्याकडे पाहिलं. तिथे आधी त्याचेच बाण बसले होते. शिबिरात हिरूची रीत एव्हाना सगळ्यांना ठाऊक झाली होती, आणि मालोजीलाही. त्याने नुसतं दुसरीकडे बघितलं असतं तरी जागा त्याची होती. कोणी त्याला बोल लावला नसता. मालोजी उठला. वाकून त्याने तो तुकडा उचलला, फुंकर मारली, तोंडात टाकला आणि पाण्याशिवाय चावू लागला. ती वाळकी भाकर काही केल्या गिळवेना. सगळं मैदान बघत होतं. शेवटी घास उतरला.

"मार आता, गड्या," मालोजी म्हणाला.

हिरूने तीन बाण मारले. तिसरा सुटला आणि शिट्टी झाली. तिन्ही पिवळ्याच्या पोटात, अगदी आतल्या कड्यात.

जागा हिरूला मिळाली, अगदी थोडक्या गुणांनी. शेठ मालोजीचा हात धरून उभा राहिला.  मालोजी म्हणाला, "दिवसभर माझ्यावर भरवसा ठेवून मारत होता तो. त्याला फसवून मी दिल्लीला काय तोंड घेऊन गेलो असतो?"

आशियाई खेळांत हिरूला पदक मिळालं नाही. मान खाली घालावी लागेल असंही काही झालं नाही. मोठमोठ्यांच्या पंगतीत तो नीट बसून आला. तिथेही त्याने लक्ष्यावरच्या परदेशी गड्यांना भाकर मोडून दिली. भाषा कोणाची कोणाला कळत नव्हती, पण सगळ्यांनी खाल्ली, आणि या वेळी प्रत्येकाचा घास उतरेपर्यंत हिरू समोर उभा राहिला.

संघाचा म्हणून त्याला गडद निळा कोट मिळाला होता, खिशावर देशाचं चिन्ह असलेला. तो घालून हिरूचा फोटो काढायचा आणि वखारीत टांगायचा, असा शेठचा बेत होता. हिरू आला तो कोट ठमीच्या जुन्या लुगड्यात बांधूनच, आणि साताऱ्याची गाडी कुठून सुटते ते विचारू लागला. शेठच्या लक्षात आलं. त्याने गल्ला पुन्हा एकदा शरीफाबाईंकडे दिला आणि तो बरोबर निघाला.

मालोजी रजेवर घरी होता. हिरूने गाठोडं सोडून कोट त्याच्यापुढे धरला. मालोजी मागे सरकला. तो संघात नव्हता, त्याने हा अंगावर घालायचा तरी कोणत्या हक्काने, असं तो म्हणाला.

"पयला तीर तुमचा हुता," हिरू म्हणाला. "मोठा वाटा तुमचा."

"अरे, पण..."

"भाकर खाल्लीत ना?"

 मालोजीचे डोळे भरून आले आणि ते लपवायला त्याने कोट अंगात चढवला. बाह्या जरा आखूड झाल्या होत्या.