मामांचे शिवलेले खिसे

मामांच्या कामावरच्या पँटींचे खिसे शिवून टाकलेले असायचे. हे मला कळलं ते लंडनमध्ये इल्फर्डला त्यांच्या घरी राहायला गेल्यावर. मी पुण्याहून नोकरीच्या व्हिसावर नुकतीच आले होते आणि स्वतःची खोली मिळेपर्यंत मुक्काम मामा-मामीकडे. एकदा इस्त्रीच्या ढिगात काळी पँट हाताला लागली. बघते तर खिशांच्या तोंडाशी बारीक काळे टाके. मला वाटलं, नव्या कोटाचे खिसे दुकानातून बंद येतात तसंच काहीतरी असेल. कात्री घेऊन उसवायला बसले. मामी हातातल्या लाटण्यासकट धावत आली. "अगं बये, राहू दे. कामावरची आहे ती. परत शिवायला मलाच बसावं लागेल."

मामा कॅसिनोत डीलर होते. रूलेचं चाक फिरवायचं, पत्ते वाटायचे, टेबलावरच्या चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या, ओढून घ्यायच्या. असल्या टेबलाशी उभ्या राहणाऱ्या माणसाला खिसा चालत नाही. काही लपवायला जागाच नको, असा नियम. लग्न ठरवताना मात्र मामीच्या घरी सांगितलं होतं, मुलगा लंडनमध्ये हॉटेल लाइनमध्ये आहे. मामीचे वडील शाळेचे हेडमास्तर, घरात सुपारीचं खांडसुद्धा चालायचं नाही. मामी इथे आली आणि पहिल्याच आठवड्यात तिला खरं कळलं.

ती रडली नाही, भांडली नाही. तिनं एवढंच सांगितलं की मी संसार नीट करीन, पण तिथलं काही घरात आणायचं नाही, बोलण्यातसुद्धा नाही, आणि मी तिथे पाऊल ठेवणार नाही. मामांनी कबूल केलं. त्या घरात पत्त्यांचा कॅट कधी आला नाही. बदामसातसुद्धा नाही. मामा संध्याकाळी "जाऊन येतो" म्हणायचे, आणि कुठे ते कोणी विचारायचं नाही. खिसे मात्र मामी शिवायची. शिवणाबद्दल तिची काही तक्रार नव्हती.

आता या दोघांचं जेवणानंतरचं कौतुक सांगते. मामांना मी अहो-जाहो करायची आणि मामीला अगं-तुगं. का ते विचारू नका, आमच्याकडे असंच. तर जेवण झालं की मामा सगळ्यांची ताटं उचलून सिंकमध्ये ठेवायचे, परत टेबलाशी यायचे, दोन्ही हात हलकेच एकमेकांवर आपटायचे, मग ते पुढे करून एकदा उलटे, एकदा सुलटे धरायचे. की मामी स्टीलच्या छोट्या डबीतून त्यांच्या तळहातावर बडीशेप ओतायची. घरी भाजलेली, किंचित मीठ आणि ओवा घातलेली. रोज. कधी दोघांचा अबोला असला तरी हे चुकायचं नाही. मी मनात म्हणायची, काय बाई लाड या वयात. आणि खोटं कशाला बोलू, जरा जळायचीसुद्धा. माझं तेव्हा कुठे जमत नव्हतं, आणि हे दोघं रोज माझ्यासमोर बडीशेप खात होते.

पुढे मी मेडनहेडला घर घेतलं, गाडी घेतली. मामा रिटायर झाले. मग त्यांचे डोळे बिघडले. हॉस्पिटलमध्ये सांगितलं की दृष्टीचा मधला भाग हळूहळू जाणार, कडेचं दिसत राहील. मामा घरी येऊन शांतपणे म्हणाले, "समोरच्या माणसाचं तोंड पुसट होतंय, कान मात्र दिसतात." आम्ही हसलो. मामी हसता हसता आत निघून गेली.

त्यानंतरच्या रविवारी मामांनी आयुष्यात पहिल्यांदा घरात त्या विषयाचं नाव काढलं. म्हणाले, "दिसतंय तोवर एकदा सगळीकडे जाऊन येऊ. जिथे जिथे उभा राहिलो तिथे." तरुणपणी कंपनीनं त्यांना देशभर नाचवलं होतं. सीझनला समुद्रकाठची गावं, मग बर्मिंगहॅम, लीड्स, आणि शेवटी लंडन. "आणि हिनं एकदा आत यावं," ते मामीकडे न बघता म्हणाले. "मी काय करत होतो ते तिनं एकदा बघावं. बाकी माझं काही मागणं नाही."

मामी भाजी निवडत होती. "येईन की," ती म्हणाली, "गाडीत बसेन."

असे आमचे ते शनिवार सुरू झाले. मी मुळात तापट, त्यात मोटरवेवर माझं डोकं जास्तच फिरतं. प्रत्येक गावाचं पार्किंगचं ॲप वेगळं. कारचा नंबर टाका, मग पुन्हा टाका, मग सिग्नल नाही. मी तणतणत उभी राहायची आणि मागच्या सीटवरून मामी डबा उघडायची. तिखट-मिठाच्या पुऱ्या, लिंबाचं लोणचं, थर्मासमध्ये आलं घातलेला चहा. मामा पुढे बसून रस्ते सांगायचे. नीट दिसत नव्हतं तरी सगळे राउंडअबाउट त्यांच्या अंगात मुरलेले. आज मामा नाहीत, आणि त्या मार्गांनी एकटी जाते तेव्हा गाडीला लोणच्याचा वास नसतो. फार चुकल्यासारखं होतं.

साउथएंडला पहिल्यांदा आत गेलो तेव्हा माझी निराशाच झाली. मी काय काय कल्पना केली होती. इथे दुपारची वेळ, खिडकी एकही नाही, डोळ्यांवर येणारा लाल-निळा गालिचा, काही म्हातारी माणसं मशीनसमोर बसलेली, आणि एका कोपऱ्यात सँडविचची थाळी. मामा खेळायचे नाहीत. एक पौंडसुद्धा लावायचे नाहीत. चहा घेऊन रूलेच्या टेबलापासून जरा लांब बसायचे आणि मान किंचित वळवून, डोळ्यांच्या कडेनं डीलरचे हात बघायचे. "बघ, कशी चिप्सची चळत एका बोटानं फोडली. छान शिकवलंय कोणीतरी." त्यांचा चेहरा इतका उजळायचा की मला मामीचा राग यायचा. काय बिघडेल हिचं, दहा मिनिटं आत आली तर?

बाहेर येऊन मामा दर वेळी विचारायचे, "येतेस का गं, नुसतं दारापर्यंत?" आणि मामी दर वेळी विणकामावरची नजर न काढता म्हणायची, "तुम्ही बघून आलात ना, झालं."

ब्रायटनलाही तेच. बर्मिंगहॅमचा कॅसिनो सापडला, पण तिथे जिम झाली होती. मामा काचेतून ट्रेडमिलवर धावणारी माणसं बघत उभे राहिले. "तिथे, ती बाई पळतेय ना, तिथे माझं टेबल होतं," ते म्हणाले. मी म्हटलं, "ती पण कुठे पोचत नाहीये, मामा." ते इतके हसले की आतली बाई पळायची थांबून आमच्याकडे बघायला लागली.

मग लीड्स. तिथे आम्ही टेबलाच्या अगदी जवळ बसलो होतो. एका डीलरची पाळी संपली, बदलीला दुसरा आला. जाणाऱ्या मुलानं टेबलापासून मागे होताना दोन्ही हात हलकेच एकमेकांवर आपटले, मग वर छताकडच्या कॅमेऱ्याला दिसतील असे एकदा उलटे, एकदा सुलटे केले, आणि गेला.

माझ्या हातातला कप तसाच राहिला. "मामा," मी म्हटलं, "हे तर तुमचं बडीशेपेचं."

मामांनी आपला कप खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले, "टेबल सोडताना करायचंच असतं. हातात काही नाही, हे दाखवायला. इतकं अंगवळणी पडतं की माणूस घरीही करतो. लग्नानंतर ती आली, पहिल्या दिवशी जेवलो, ताटं ठेवली आणि सवयीनं हात दाखवले. तिला वाटलं, मी काहीतरी मागतोय. बिचारीनं धावत जाऊन डबी आणली. मग कामाचं घरात बोलायचं नाही असं ठरलं, तर सांगणार कसं?" त्यांनी चष्मा काढून पुसला, त्याचा तसा काही उपयोग नसतानाही. "तिला बोलू नकोस. इतकी वर्षं ती मनापासून देतेय. मी मागतच नव्हतो, हे तिला आता कशाला कळायला हवं?"

आणि मग त्यांच्या लक्षात आलं. माझ्याही. मामी आत आली, की हे बघणारच.

त्या दिवशी बाहेर आल्यावर मामांनी तिला "येतेस का" विचारलं नाही. गाडीत बसले आणि म्हणाले, "चला." मामीनं विणकाम खाली ठेवून त्यांच्याकडे जरा बघितलं. सवयीचा प्रश्न आला नाही की माणूस दचकतोच.

शेवटचं ब्लॅकपूल. मामांची पहिली नोकरी तिथली. तिथे एक रात्र राहायचं म्हणून गेस्ट हाउस बुक केलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा समुद्रावरून असा वारा सुटला होता की गाडीचं दार उघडायला दोन हात लागत होते. आम्ही दोघं आत गेलो, मामांनी चहा घेतला, आणि मी टेबलाकडे पाहत होते तेवढ्यात रिसेप्शनवरून ओळखीचा आवाज आला. मामी. डोक्याला स्कार्फ, हातात पर्स, आणि त्या रिसेप्शनवालीला ती ओळखपत्र म्हणून आपला लंडनचा बसपास दाखवत होती.

"बाथरूमला आलेय," ती मला म्हणाली. "बाहेरची बंद आहेत. उगाच मोठे डोळे करू नकोस."

ती जाऊन आली. मी आशेनं दाराकडे बघत होते की आता ही सरळ बाहेर पडेल. मामा तर उठून उभेच राहिले. इतके शनिवार जिला आत यायची विनवणी केली, तिला ते म्हणत होते, "चल गं, निघू या. पार्किंग संपेल. तुला इथला वास नाही सहन व्हायचा." मामी म्हणाली, "थांबा हो. आलेच आहे तर बघू द्या." आणि ती रूलेच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली, देवळात लांबून दर्शन घ्यावं तशी, पर्स पोटाशी धरून.

टेबलाशी एक तरुण मुलगी होती. चाक फिरत होतं, चेंडू कडेनं पळत होता. मुलीनं टेबलावरून हात फिरवून आता पैसे लावणं बंद झाल्याचं सांगितलं. चेंडू पडला, तिनं चिप्स ओढल्या, दिल्या, चळती लावल्या. मामी एकटक बघत होती. "तुम्ही हे करायचात?" तिनं विचारलं. मामा म्हणाले, "हो." "उभ्यानं? इतके तास?" "हो." मामी म्हणाली, "म्हणून पाय दुखायचे." एवढंच. पण मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

आणि तेवढ्यात त्या मुलीची बदली आली. मी मामीचा दंड धरला, म्हटलं, "मामी, तिकडे सँडविच बघ." तिनं माझा हात सोडवला. मुलगी मागे सरकली, हात आपटले, उलटे केले, सुलटे केले, आणि निघून गेली.

मामी त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. मग बदलीवर आलेल्या मुलाच्या हातांकडे. मग छताकडे. मामांकडे तिनं बघितलंच नाही. "केवढा हा गालिचा," ती म्हणाली, "झाडत कोण असेल," आणि दाराकडे चालायला लागली.

गेस्ट हाउसच्या खोलीत जेवायला बसलो. पुऱ्या, बटाट्याची भाजी, कागदी प्लेटा. मला स्वतःचाच राग येत होता, वाऱ्याचा येत होता, ब्लॅकपूलच्या बंद बाथरूमांचा येत होता. जेवण झालं. मामा उठले, प्लेटा गोळा करून कचऱ्यात टाकल्या, परत टेबलाशी आले. आणि त्यांनी हात खिशात घातले. रिटायर झाल्यावर घेतलेली पँट, तिचे खिसे उघडे होते. मी त्या माणसाला खिशात हात घातलेलं कधी पाहिलं नव्हतं.

मामी डबी घेऊन उभी होती.

"म्हणजे तुम्ही मागत नव्हतात," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण डबीवरची बोटं पांढरी पडली होती. "मी आपली वेड्यासारखी रोज..."

मामांनी मान वळवली. तिचा चेहरा कडेनं दिसावा म्हणून. "पहिल्या दिवशी नव्हतो मागत," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवसापासून मागतच होतो गं."

मामीनं त्यांच्या खिशांकडे बघितलं. मग डबीचं झाकण काढलं. "हात बाहेर काढा," ती म्हणाली.

मामांनी काढले.

"उलटे करा."

त्यांनी केले. मामीनं वाकून, अगदी नीट, कॅसिनोतल्या छताच्या त्या कॅमेऱ्यानंसुद्धा बघितले नसतील इतक्या बारकाईनं ते हात बघितले.

"आता सुलटे करा," ती म्हणाली, आणि डबी उपडी केली.