विमानाच्या दारात

जर्मन-जपानशी लढाई संपली तरी इंग्रजांनी हवाई छत्रीवाल्यांची डिव्हिजन मोडली नव्हती. विमानातून हे जवान आता कुणाच्या डोक्यावर उतरवायचेत, असा सवाल मी पत्रकात केला होता. तो मला आजही चुकीचा वाटत नाही. पण त्याच पत्रकात खाली मी त्या डिव्हिजनमधल्या माझ्या थोरल्या भावाच्या जोडीदार जवानाचं उदाहरण घातलं होतं: गोऱ्या साहेबाने ढकलला, दोन्ही पाय मोडले. भाऊ रजेवर आला तेव्हा एवढंच बोलला होता, की जोडीदाराचे उडीत दोन्ही पाय मोडले आणि तो लष्करी दवाखान्यात आहे. ढकलल्याचं मीच घातलं.

"त्या पोराच्या आईबापाला भेटून ये," असं आई त्याला रोज म्हणायची. तो रोज उद्यावर ढकलायचा. रजा संपत आली तेव्हा निघाला. मीही पत्रकांची पिशवी खांद्याला लावून सोबत गेलो. आमचा कराडकडचा ऊस मागे पडला आणि पूर्वेचं कोरडं माळरान लागलं.

जोडीदाराच्या बापाने अंगणात घोंगडं अंथरलं. मी लगेच बसलो. भाऊ खाली मातीत बसला.

"वर बस की. धनगराच्या दारात पाव्हणा मातीत बसत न्हाई."

"आदी ऐका, आबा. मग सांगा कुटं बसू."

भाऊ सांगू लागला. सरावात एकामागोमाग एक उड्या घ्यायच्या होत्या. दारात आल्यावर भावाचे पाय अडले. क्षणभरच. पण विमान थोडंच थांबतं? भाऊ मैदानाच्या कडेला उतरला, मागचा जोडीदार पुढे खडकांत.

"मी थांबलो म्हून त्यो तिकडं पडला."

म्हातारी चूल सोडून दारात आली होती. मला राहवेना. "आवं, ह्यात ह्याचा काय दोष?" म्हणत मी पत्रक काढून वाचायला लागलो. 'ढकलला'पाशी थांबलो.

"कुनी ढकलला?" म्हाताऱ्याने विचारलं.

"साहेबानं."

"तू हुतास व्हय इमानात?"

भावाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"माझं पोरगं मेंढरामागं दरडीवरनं उड्या टाकत वाढलंय," म्हातारा म्हणाला. "त्येला ढकलाय लागत न्हाई. ह्ये कागद हितं वाटू नगंस." मग भावाकडे वळला. "परत उडी घेतलीस का रं?"

"घेतली. न थांबता."

"आन् त्येला भेटलास?" म्हातारीने विचारलं.

"न्हाई, आई. तोंड दावायचं धाडस न्हाई झालं."

"मग आदी तिकडं जा. आमाला सांगितलंस तसंच त्येला सांग."

"व्हय."

"आता वर बस," म्हातारा म्हणाला. "भाकरी खाऊन जा."

भाऊ घोंगड्यावर सरकला. तिघांना पुरेल एवढं ते मोठं होतं. मी पत्रकं पिशवीत कोंबली आणि खाली मातीत उतरलो. मला कुणी वर बस म्हणालं नाही.