वावरातला उभा दगड

१४ मे १८६४. मृत : दोन माणसे, एक बैल.

अंजनगाव सुर्जीच्या दक्षिणेस खुशालरावांच्या काळ्या वावरात दोन पुरुष उंचीचा एक दगड उभा होता. तो कोणी रोवला आणि कशासाठी, हे कोणालाच ठाऊक नव्हते. कोणी त्याला जुनी शीव म्हणत, कोणी लढाईत पडलेल्याची खूण. एखादी बाई क्वचित फूल ठेवून जाई. त्याच्या भोवती नांगर फिरत नसे. विलायतेकडून कापसाची मागणी वाढली, तशी ती पडीक जमीन खुशालरावांच्या डोळ्यांत सलू लागली.

दगड काढण्याचे काम सहदेव माळ्याकडे आले. जोडीला नत्थुजी हा सालदार आणि मालकाचे बैल होते. उन्हाने माती लोखंडासारखी झाली होती. सहदेवाने वाफे खणण्यापूर्वी करावे तेच केले : आदल्या दिवशी मोटेचे पाणी सोडून बुडाची माती भिजवली. भाजीच्या वाफ्याची ती रीत उभ्या दगडाला लागू नव्हती. सकाळी चिखल पाहताच त्याला आपली चूक उमगली.

"मालक, दोन टेकू द्या. बुड हाललं हाये."

"लाकडं गाड्यायवर गेले अमरावतीले," खुशालराव म्हणाले. "तुले काहून भेव लागते? गोटा हाये तो, देव नाही. रोज मुळे उपटतं नं? हाही उपट."

दोर ताणताच दगड आडवा घसरला.

नत्थुजीच्या मागे कोणी नव्हते. सहदेवाच्या मागे पत्नी पार्बताबाई आणि लहान मुलगी शकुन. मालकाच्या कामावर माणूस मेला, तर त्याच्या घरी वर्षाची ज्वारी मालकाने भरावी, असा त्या गावचा रिवाज होता. तेरावे उरकून पार्बताबाई ती मागायला पारावर गेली. तोवर पडलेल्या दगडाला शेंदूर लागला होता.

"देवानं नेलं त्याले, बाई," खुशालराव म्हणाले. "देवाच्या बुडाशी पाणी टाकलं त्यानं."

"त्या दिवशी तं गोटा होता, मालक. देव कवा झाला?"

"कापसाचा भाव चढला," म्हातारे महादेवराव पुटपुटले, "तसा गोट्याचाही चढला असन."

दोघे-तिघे हसले आणि मालकाकडे पाहून गप्प झाले. खुशालरावांनी तोड सुचवली : पार्बताबाईने दगडापुढे नाक घासावे, नवऱ्याने देवाचा अपराध केला असे गावासमोर म्हणावे, ज्वारी घरी पोचेल.

"पाणी टाकलं, ते चुकलं त्याचं," ती म्हणाली. "त्यानं टेकू मागतले होते, तेही सांगा मंग गावाले."

खुशालरावांनी ते सांगितले नाही, आणि तिने नाक घासले नाही.

ज्वारीची वावरेही कापसाखाली गेल्यामुळे त्या साली धान्य महाग होते. पार्बताबाई वांगी विकी आणि घरी अंबाडीची भाजी शिजवी. पावसाळ्यात शकुनला हगवण लागली. उपाशी शरीराला ती सोसली नाही.

दगडाचे वय आणि प्रयोजन अज्ञात होते, हे खरे. परंतु अज्ञाताचा अर्थ लावण्याचा अधिकार त्या गावात एकाच घराकडे होता, आणि त्या घराने तो दोनदा, दोन परस्परविरुद्ध अर्थांनी वापरला. पार्बताबाई पुढे पुष्कळ वर्षे जगली. तिने मागणी मागे घेतली नाही.

सहदेवाच्या घरची वर्षाची ज्वारी दिली गेलेली नाही.